एक मृत्युपत्र घेऊन जगभर: कायदेपद्धतींची तुलना आणि वर्गवारी कशी करावी

मुंबई-गोवा महामार्गावर बांदा सोडलं की थोड्याच वेळात पत्रादेवी लागतं. अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. बोली जवळपास एकच, सोयरीक दोन्हीकडे, दशावताराला रात्र जागवणारी माणसंही तीच. आता बांद्यात एक हिंदू बाप आहे असं समजा, थोरल्या मुलावर कायमचा रागावलेला. त्याने स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्र करून सगळीच्या सगळी दुसऱ्याला देऊन टाकली, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 30 त्याच्या बाजूने उभं राहतं. थोरला कोर्टात गेला तरी बाप शुद्धीत नव्हता, दबाव होता, सही खोटी आहे, यांतलं काहीतरी लढवावं लागेल. 'मी त्याचा मुलगा आहे' एवढं पुरत नाही. पलीकडे पेडण्यात तसाच बाप, तेवढाच राग. पण त्याला हे जमणार नाही. कायद्याने मोजून दिलेली गंभीर कारणं सोडली, तर मुलांचा ठरावीक हिस्सा त्याला हलवताच येत नाही.

दोन्ही घरांचं शेवटचं अपील मात्र दिल्लीतल्या एकाच सर्वोच्च न्यायालयात जातं.

कायदेपद्धतींची तुलना करायला बसणारे बरेच जण आधी नकाशा रंगवतात. इंग्लंड, अमेरिका, भारत एका रंगात, फ्रान्स-जर्मनी दुसऱ्या, सौदी अरेबिया तिसऱ्या. परीक्षेत गुणही मिळतात. त्या नकाशावर पेडण्याचा बाप कुठे सापडत नाही, एवढीच अडचण. म्हणून इथे उलट्या टोकाने जाऊ. आधी एक अडचण धरायची, ती चार-सहा ठिकाणी फिरवायची, आणि वर्गवारी अगदी शेवटी करायची. सोबत एक वही ठेवा.

पायरी 1: आधी शब्द पाखडून घ्या

पहिला खडा 'सिव्हिल लॉ' हाच. आपल्याकडे सिव्हिल म्हणजे दिवाणी, फौजदारीच्या उलट. कायदेपद्धतींच्या चर्चेत मात्र 'सिव्हिल लॉ' म्हणजे रोमन कायद्यातून निघालेलं, संहितांवर उभं असलेलं युरोपीय घराणं. त्या घराण्यात फौजदारी कायदाही आलाच. मराठीत 'दिवाणी पद्धतीचे देश' असं भाषांतर मी छापील पानावर वाचलं आहे आणि वाचून हताश झालो आहे. 'संहिता-परंपरा' म्हणा, 'रोमन-जर्मन घराणं' म्हणा, पण दिवाणी म्हणू नका.

दुसरा खडा नोटरी. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेले काळ्या कोटातले गृहस्थ, तिकीट, लाल गोल कागद, त्यावर दाबलेला शिक्का, जाड रजिस्टरात सही, आणि दहा मिनिटांत प्रतिज्ञापत्र हातात. फ्रान्सचा 'नोतेर' हा वेगळाच माणूस आहे. तो राज्याने नेमलेला, कायद्याचं दीर्घ शिक्षण घेतलेला अधिकारी. घर विकायचं तर दस्त त्याच्याकडे, लग्नाआधी मालमत्तेचा करार करायचा तर त्याच्याकडे, कुणी गेलं की वारसांची बैठक त्याच्या कार्यालयात. त्याने केलेल्या दस्तात देणं कबूल केलेलं असेल, तर त्यावरून थेट वसुलीही करता येते. एकच शब्द आहे, पण एकीकडे तो सही खरी असल्याची साक्ष देतो आणि दुसरीकडे अर्धं दिवाणी न्यायालय आपल्या खांद्यावर घेतो. फ्रान्समध्ये वारसाहक्काचे इतके व्यवहार कोर्टाबाहेर कसे मिटतात, हे नोतेर समजल्याशिवाय कळत नाही. आणि गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्याच्या नावातच 'विशेष नोटरी' का आले आहेत, तेही.

मॅजिस्ट्रेट या शब्दाचंही असंच आहे. फ्रान्समध्ये त्यात न्यायाधीश येतात आणि सरकारी वकीलही. दोघं बोर्दोच्या एकाच संस्थेत शिकतात.

पायरी 2: प्रश्न अडचणीच्या भाषेत विचारा

'आपल्या कलम 30 सारखं कलम फ्रान्समध्ये कुठलं?' असं विचारलं की शोध चुकलाच. तुलना करणाऱ्यांची जुनी युक्ती अशी की कायद्याचं नाव बाजूला ठेवायचं आणि तो कायदा कुठला पेच सोडवतो ते पाहायचं. आपला प्रश्न असा: माणसाला मरताना आपली मालमत्ता घरच्यांना डावलून किती देता येते?

असं विचारल्याचा फायदा म्हणजे उत्तर भलत्याच कप्प्यात असलं तरी ते सापडतं. गोव्यातल्या विधवेचं संरक्षण तुम्ही वारसा कायद्यात शोधत बसाल तर अर्धंच हाती लागेल. ते मुख्यतः लग्नाच्या कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी तिची असते. तो गेल्यावर ती निम्मी तिला वारशाने मिळत नाही, ती आधीपासून तिचीच असते. बांद्यातल्या विधवेचा आधार तिसऱ्याच कप्प्यात आहे, दत्तक आणि निर्वाहाच्या कायद्यात. मृत्युपत्रात काहीच ठेवलं नसलं तरी मागे राहिलेल्या मालमत्तेतून पोटगी मागण्याचा हक्क तिला तिथून मिळतो.

पायरी 3: सगळ्यांना एकच हिशोब घाला

विशेषणं फसवतात. 'फ्रान्समध्ये कडक बंधनं आहेत, इंग्लंडमध्ये स्वातंत्र्य आहे' या वाक्याचा तुलनेला उपयोग शून्य. आकडे घाला. एक बाप, त्याची बायको, एक मुलगा, एक मुलगी. मुलं तिशीच्या पुढची, धडधाकट, कमावती. आजी-आजोबा हयात नाहीत. लग्नानंतर कमावलेले 80 लाख, सगळे बापाच्या नावावर, आणि वेगळा विवाहकरार नाही. त्याला जास्तीत जास्त किती रक्कम गावच्या वाचनालयाला देता येईल?

बांदा, हिंदू बाप: 80 लाख. बायकोची पोटगी तेवढी मागे लागू शकते, कमावत्या मुलाला काही नाही.

बांद्यातच शेजारचा मुस्लिम बाप: मृत्युपत्राने एक तृतीयांश, म्हणजे 26 लाख 67 हजार. उरलेल्या 53 लाख 33 हजारांत बायकोचा आठवा हिस्सा साधारण 6 लाख 67 हजार, बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट: 31 लाख 11 हजार आणि 15 लाख 56 हजार. हे हिस्से कुराणातून आलेले आहेत, बापाच्या मर्जीवर नाहीत.

पेडणे, बाप कुठल्याही धर्माचा: आधी बायकोचे 40 लाख बाजूला. त्याच्या 40 पैकी निम्मे, 20 लाख, मुलांसाठी राखीव. वाचनालयाला जास्तीत जास्त 20 लाख. हद्द ओलांडताच हिंदू बापाचं स्वातंत्र्य 80 वरून 20 वर येतं, आणि मुस्लिम बापालाही हाच नियम लागतो, कारण 1937 चा शरियत कायदा गोव्यात लागू नाही.

पॅरिस: लग्नानंतरची कमाई सामाईक, म्हणून बायकोचे 40 आधी बाजूला. मग मुलं मोजायची. एक मूल असेल तर निम्मं मोकळं, दोन असतील तर एक तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर फक्त चौथाई. आपल्या बापाला दोन मुलं आहेत, म्हणजे 13 लाख 33 हजार.

लंडन: 80 लाख. पण 1975 च्या एका कायद्याने जोडीदार, मुलं आणि काही अवलंबित लोक न्यायालयाकडे 'वाजवी तरतूद' मागू शकतात, आणि वाजवी म्हणजे किती ते न्यायाधीश ठरवतो. एका आईने दुरावलेल्या मुलीला वगळून जवळपास सगळी संपत्ती प्राणी-पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिली होती. मुलीला खालच्या न्यायालयाने 50 हजार पौंड दिले, अपिलात रक्कम बरीच वाढली, आणि 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 50 हजारांवर आणली. पॅरिसच्या कुटुंबाला मोकळा हिस्सा किती ते बाप जिवंत असतानाच सांगता येतं. लंडनच्या कुटुंबाला वकिलाची फी भरल्यावर कळतं.

न्यू ऑर्लिन्स, म्हणजे अमेरिकेचं लुइझियाना राज्य: लग्नातली कमाई सामाईक, बायकोचे 40 वेगळे. मुलांचा सक्तीचा हिस्सा तिथेही आहे, पण फक्त 23 वर्षांपर्यंतच्या किंवा कायमच्या असमर्थ मुलांना. आपली मुलं तिशीच्या पुढची. म्हणजे 40 लाख मोकळे.

शांघाय: 2021 पासून चीनमध्ये नवी नागरी संहिता लागू आहे. लग्नातली कमाई सामाईक, आणि ज्याला कामही करता येत नाही आणि उत्पन्नही नाही अशा वारसासाठी मृत्युपत्रात वाटा ठेवणं बंधनकारक. आपली मुलं कमावती. पुन्हा 40 लाख.

इथे जरा थांबा. अमेरिकेतलं एक राज्य आणि कम्युनिस्ट चीन यांचा आकडा एक, आणि बांद्यातल्या दोन शेजाऱ्यांचा वेगळा! निकाल सारखा आला म्हणून दोन पद्धती एका घराण्यातल्या ठरत नाहीत, हे या हिशोबातून मला पहिल्यांदा नीट कळलं.

पायरी 4: उत्तर कुठून आलं ते शोधा

आता तेच आकडे घेऊन मागे चालत जा. पॅरिसचा 'एक तृतीयांश' संहितेच्या कलमात लिहिलेला आहे. लंडनचे 50 हजार पौंड कुठल्याही कलमात नाहीत. ते निवाड्यात आहेत, आणि पुढचा वकील तोच निवाडा दाखवून भांडणार आहे. बांद्यातल्या मुस्लिम बापाचा आठवा हिस्सा धर्मग्रंथातून आला, पण त्याची अंमलबजावणी करतो दिवाणी न्यायाधीश.

निवाडा हातात घेऊन बघा, घराणं लगेच ओळखू येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात केशवानंद भारती खटल्यासाठी 1973 मध्ये 13 न्यायाधीश बसले, निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला, अकरा वेगवेगळी निकालपत्रं लिहिली गेली आणि पानं शेकड्यांनी झाली. कोण कुणाशी असहमत आणि का, सगळं उघड. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाचा निर्णय परंपरेने पान-दोन पानांचा असे, तो न्यायालयाच्या एकाच आवाजात बोलतो, आणि विरोधी मत छापलंच जात नाही. तिथल्या संहितेचं कलम 5 तर न्यायाधीशाला एका खटल्याच्या निमित्ताने सगळ्यांसाठी नियम घालून द्यायला मनाई करतं. क्रांतीआधीच्या न्यायाधीशांवर फ्रेंचांचा जो राग होता, त्याची ही आठवण. आपल्या राज्यघटनेचं कलम 141 नेमकं उलट सांगतं: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बांधील.

एका सापळ्यापासून सावध. संहिता दिसली की 'सिव्हिल लॉ' असं लिहू नका. तसं असतं तर 1860 मध्येच दंडसंहिता आणि 1872 मध्ये करार कायदा झालेला भारत कधीच त्या घराण्यात गेला असता. पाहायचं ते हे, की संहितेबाहेर जायची वेळ आली तर न्यायाधीश कुठे जातो. भारतीय न्यायाधीश जुन्या निवाड्यांकडे जातो. संहिता-परंपरेतला न्यायाधीश संहितेच्याच सर्वसाधारण तत्त्वांकडे आणि विद्वानांच्या भाष्यांकडे वळतो. निवाडे तोही वाचतो, भरपूर वाचतो, पण 'हा निवाडा मला बांधतो' असं सहसा लिहीत नाही.

न्यायाधीश घडतो कसा, हेही पाहून ठेवा. फ्रान्समध्ये तरुणपणी स्पर्धा परीक्षा, मग प्रशिक्षण, मग आयुष्यभर तीच नोकरी. इंग्लंडमध्ये वरचे न्यायाधीश मुरलेल्या वकिलांतून येतात. आपल्याकडे गंमत अशी, की कनिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश परीक्षेतून, बरेचसे फ्रेंच वळणाने, आणि उच्च न्यायालयाचे बहुतेक न्यायाधीश मुरलेल्या वकिलांतून, इंग्रजी वळणाने.

पायरी 5: वंशावळ काढा, पण तारखा दोन्हीकडच्या लिहा

कायदे फार कमी वेळा जागच्या जागी उगवतात. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचं संकलन करवलं, पाच-सहाशे वर्षांनी बोलोन्यात विद्यार्थी ते पुन्हा घोकू लागले, 1804 मध्ये नेपोलियनची संहिता आली, 1900 मध्ये जर्मन संहिता लागू झाली. जपानने 1898 मध्ये युरोपीय नमुन्यांवरून आपली संहिता पूर्ण केली, तुर्कस्तानने 1926 मध्ये स्वित्झर्लंडची जवळजवळ उचललीच. इंग्लंड या वाटेने गेलं नाही. बाराव्या शतकात राजाची फिरती न्यायालयं सगळ्या देशाला एकच, निवाड्यांतून वाढणारा कायदा लावू लागली, तोच 'कॉमन लॉ', आणि पुढे तोच बोटीतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरला.

पण वंशावळीत फक्त 'आला' एवढंच लिहिलं तर मोठी चूक होते. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. 1962 मध्ये संसदेने कायदा करून तिथले चालू कायदे तसेच पुढे चालू ठेवले. आणि मग तिकडे पोर्तुगालनेच 1966 मध्ये नवी संहिता केली, 1867 ची मोडीत काढली, आणि नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक हा मूळ नियमही बदलला. म्हणजे मूळ झाड तिकडे तोडलं गेलं, आणि त्याचं कलम पेडण्यात जोमात आहे. वारशाचा भाग गोव्याने 2012 मध्ये स्वतःच्या कायद्यात घेतला, तो 2016 च्या अखेरीस लागू झाला. लिस्बनला जाऊन गोव्याचा कायदा शोधणारा संशोधक संग्रहालयात पोचेल.

मॉरिशसचं उदाहरणही काढून बघा. आपली मराठी मंडळी तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. ब्रिटिशांनी 1810 मध्ये बेट घेतलं, पण फ्रेंच कायदा राहू दिला. आज तिथे घर, करार, वारसा यांना फ्रेंच वळणाची संहिता, न्यायालयाची कार्यपद्धती आणि पुरावा इंग्रजी वळणाचा, आणि अखेरचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे.

पायरी 6: आता वर्गवारी, आणि तीही शाखेनुसार

रेने डेव्हिड या फ्रेंच विद्वानाने 1964 मध्ये मांडलेली घराणी अजून शिकवली जातात: रोमन-जर्मन, कॉमन लॉ, समाजवादी, आणि बाकीचे. सोव्हिएत संघ 1991 मध्ये गेला आणि तिसऱ्या खोलीतले बरेचसे भाडेकरू पहिल्या खोलीत परतले. 'बाकीचे' ही चौथी खोली तर सुरुवातीपासूनच माळ्यासारखी होती. हिंदू, इस्लामी, चिनी, आफ्रिकी, जे युरोपात बसलं नाही ते सगळं तिथे. इटलीच्या उगो मात्तेईने 1997 मध्ये वेगळा प्रश्न विचारला: समाजात शेवटचा शब्द कुणाचा चालतो, व्यावसायिक कायद्याचा, राजकारणाचा की परंपरेचा? मला ही वाटणी जास्त प्रामाणिक वाटते, निदान तिच्यात एकच देश दोन ठिकाणी दिसायला लाजत नाही.

व्यवहारात मी देशाला एक शिक्का देत नाही. वहीत आडव्या ओळीत ठिकाण, आणि उभे रकाने असे: घटना आणि प्रशासन, गुन्हे, करार, जमीन, कुटुंब आणि वारसा, कोर्टाची कार्यपद्धती. भारताची ओळ भरताना करार, गुन्हे, कार्यपद्धती यांत कॉमन लॉ येतं. कुटुंबाच्या रकान्यात एक शब्द मावत नाही, तिथे धर्मानुसार उपओळी कराव्या लागतात, आणि गोव्याला वेगळी ओळ. लुइझियानाच्या ओळीत वारशासाठी संहिता, फौजदारीत ज्युरीसकट अमेरिकी कॉमन लॉ. स्कॉटलंड, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, क्वेबेक यांच्या ओळी अशाच ठिपक्याठिपक्यांच्या होतील. ज्यांची ओळ एकरंगी येते असे देश कमी निघतात.

पायरी 7: वही बंद करण्याआधी खोडून पाहा

प्रत्येक रकान्याला विचारा: हे कागदावर आहे, पण नेमकं कुणाला लागतं? 'गोव्यात सगळ्यांना एकच नागरी कायदा' हे वाक्य सभांमध्ये हमखास टाळ्या घेतं. पण 1880 च्या पोर्तुगीज हुकुमाने तिथल्या हिंदूंच्या काही रूढी राखून ठेवल्या, आणि त्यांत बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर दुसऱ्या लग्नाची वाटही होती. इस्रायलकडे पाहा: आधुनिक संसद, आधुनिक न्यायालयं, पण ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट धर्मपीठाच्या हाती. कोकणातून तिथे गेलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाला 1960 च्या दशकात याच रकान्याने पोळलं. लग्नासाठी त्यांच्या वंशाची चौकशी मागितली गेली, आंदोलन झालं, आणि 1964 मध्ये इस्रायली संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचं म्हणावं लागलं.

दुसरी खोडणी सरहद्दीची. माणूस एका ओळीत, मालमत्ता दुसऱ्या ओळीत असेल तर काय? फ्रेंच गायक जॉनी हॅलिडे 2017 मध्ये गेला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली केलेल्या मृत्युपत्रात सगळं बायकोला होतं, मोठ्या दोन मुलांना काही नाही. नांतेरच्या न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं की त्याचं राहतं ठिकाण फ्रान्सच होतं, म्हणून खटला तिथेच चालेल. पुढच्या वर्षी घरच्यांत तडजोड झाली.

आणि त्याच 2019 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका गोवेकराची मुंबईतली मालमत्ता आली. मृत्युपत्राने ती एका मुलीला दिलेली होती. मुंबईत आहे म्हणून भारतीय वारसा कायदा, की मालक गोव्याचा म्हणून पोर्तुगीज संहिता? न्यायालयाने सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाला, मालमत्ता भारतात कुठेही असली तरी, हीच संहिता लागेल, आणि ती परकी नाही, संसदेने स्वीकारल्यामुळे ती भारतीय कायदाच आहे. माझ्या वहीत त्या ओळीत असं लिहिलं आहे: मजकूर लिस्बनचा, 1867. हुकमत दिल्लीची, 1962. अर्थ लावणारे न्यायाधीश कॉमन लॉ वळणाचे. मालमत्ता मुंबईत. घराण्याचा रकाना पेन्सिलने भरला आहे.